पडण्यास हरकत नाही

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक गुलमोहर आहे. सोसायटी ठाणे आणि कल्याण यांच्या मधल्या एका स्टेशनजवळ आहे. स्टेशनचे नाव सांगत नाही, कारण आमचा अर्ज अजून एका कार्यालयात पडून आहे. गुलमोहर रस्त्याकडे कललेला आहे. मी राहायला आलो तेव्हाही कललेलाच होता. पण मे उजाडला की सोसायटीतल्या प्रत्येकाला तो गेल्या वर्षीपेक्षा बोटभर जास्त कललेला दिसतो, आणि जिन्यात, लिफ्टमध्ये, दुधाच्या पिशव्या उचलताना एकच वाक्य ऐकू येते, "हे यंदा जाणार."

मे हा आपल्याकडे याद्यांचा महिना. ठाण्यात काय नि कल्याण-डोंबिवलीत काय, पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते. तिच्यात शाळेसारखे वर्ग असतात. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे राहत राहत दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आमची इमारत कोणत्या वर्गात बसते हे विचारू नका. गेल्या सर्वसाधारण सभेत तो विषय वेळेअभावी पुढे ढकलला गेला. झाडाचा विषय मात्र सव्वा तास चालला.

सव्वा तासात एक गोष्ट लक्षात आली. ज्याची गाडी झाडाखाली उभी असते, त्याच्या मते झाड आतून पोखरलेले आहे. ज्याची गाडी मागच्या बाजूला असते, तो पर्यावरणवादी. ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याला वाटते की आधी पाण्याच्या टाकीचे बघावे. तळमजल्यावरच्या दुकानदाराचे म्हणणे असे की झाड फारच धोकादायक आहे, कारण त्याची पाटी दिसत नाही. शेवटी ठराव झाला, अनुमोदन झाले आणि अर्ज घेऊन मला पाठवण्यात आले, कारण मी लिहितो. लिहिणाऱ्या माणसाने अर्जच लिहावेत असे आमच्या कमिटीचे पूर्वीपासूनचे मत आहे.

कार्यालयातल्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि मान वर न करता विचारले, "पडलंय का?"

"नाही. पण पडेल असं वाटतं."

"मग ते आमच्याकडे तातडीत येत नाही. पडलं की फोन करा. लगेच माणसं येतात, करवत येते, तासाभरात रस्ता मोकळा. अर्जसुद्धा लागत नाही."

हे त्यांनी अत्यंत आपुलकीने सांगितले आणि ते खरेही आहे. पडलेल्या झाडासाठी आपत्ती व्यवस्थापन कक्ष चोवीस तास जागा असतो. पडणाऱ्या झाडासाठी मात्र साहेब साइटवर गेलेले असतात.

मग मी कायदा वाचला. वाचायला नको होता. झाडांचे संरक्षण आणि जतन करण्याचा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांचा कायदा १९७५चा. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना आहे. झाड तोडायचे तर जाहीर नोटीस द्यावी लागते, हरकतींसाठी मुदत ठेवावी लागते आणि ती नोटीस झाडावरही लावावी लागते. ही शेवटची तरतूद मला फार आवडली. ज्याच्याबद्दल निर्णय व्हायचा त्याला आगाऊ कळवण्याची अशी सभ्यता माणसांच्या बाबतीतही हल्ली फारशी आढळत नाही. फक्त ती नोटीस झाडावर खिळ्याने ठोकतात, एवढेच.

२०२१मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि खरी मौज तिथून सुरू होते. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाचे झाड म्हणजे वारसा वृक्ष. आणि झाड तोडले तर त्याचे जेवढे वय तेवढी नवी रोपे लावायची. म्हणजे झाडाचा जन्मदाखला आला. तो कोणाकडे असतो? आम्ही टेप आणून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजला. इंचांत मोजला की झाड चाळिशीचे वाटे आणि सेंटिमीटरमध्ये मोजला की साठीचे. मग उपवर मुलीच्या पत्रिकेसारखी वयाची बोलणी सुरू झाली. इमारत १९८६ची, झाड बिल्डरने लावलेले, म्हणून फार तर एकोणचाळीस, असा हिशेब सेक्रेटरींनी मांडला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "छे, इथे चाळ होती तेव्हापासून आहे. आमच्या मुंजीचे भांडे याच्याच सावलीत घासले होते." आजोबा ऐंशीला टेकलेले. सेक्रेटरींनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "आजोबा, हे मिनिट्समध्ये घेत नाही मी."

एकोणचाळीस तर एकोणचाळीस. पण एकोणचाळीस रोपे लावायची कुठे? नकाशा उघडला. गच्चीवर मोबाइलचा टॉवर, मागे सेप्टिक टँक, बाजूला ट्रान्सफॉर्मर. उरले पार्किंग. रोपांसाठी सहा गाड्या हलवाव्या लागतील हे स्पष्ट झाले त्या रात्री एक चमत्कार घडला. पोखरलेले झाड सकाळपर्यंत ठणठणीत झाले. ज्यांच्या गाड्या खाली उभ्या असत त्यांनीच सांगितले की गुलमोहराला कललेले राहायची सवयच असते आणि साताऱ्यात तर लोक १ मेला गुलमोहर दिन साजरा करतात.

तरीही अर्ज गेलेला होता, म्हणून एक दिवस पाहणी झाली. पाहणी करणारे स्कूटरवरून आले, हेल्मेट न काढता वर पाहिले आणि गेले. पत्र आले, "पाहणीच्या वेळी सदर वृक्ष उभा असल्याचे आढळून आले. सबब तूर्त धोका नाही. फांद्यांची छाटणी करून घ्यावी." मी ते दोनदा वाचले. उभे असणे हाच जर निकष असेल, तर आजवर पडलेले प्रत्येक झाड पडण्याच्या क्षणापर्यंत निर्धोक होते.

हसून झाल्यावर थोडे थांबावे लागते. २०१७च्या जुलैत चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंवर नारळाचे झाड कोसळले आणि त्या गेल्या. त्या झाडाबद्दल आधी अर्ज झाला होता आणि पाहणीत ते धोकादायक ठरले नव्हते, असे तेव्हा छापून आले होते. २०२५च्या मे महिन्यात, अवकाळी पावसात, कल्याण पूर्वेला रिक्षेवर झाड पडले आणि तिघे जण गेले. अशा प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कारण एकच छापले जाते, वारा जोराचा होता. तौक्ते वादळ १७ मे २०२१ला किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वारा खरोखरच जोराचा होता. पण शेजारचे झाड त्याच वाऱ्यात उभे का राहिले, हे पंचनाम्याच्या फॉर्मवर विचारलेले नसते. त्यासाठी रकाना नाही.

हे कोडे माझ्या मित्राच्या मुलीने सोडवले. ती झाडे तपासण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आलेली. अशा तपासनिसांचा एक धंदाच असतो हे आमच्या कमिटीला ठाऊक नव्हते; झाडाला बघायला येणारा माणूस करवत घेऊनच येतो अशी त्यांची समजूत. ती आली तेव्हा पिशवीतून निघाला एक नायलॉनचा हातोडा.

"एवढंच?" सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांना मशीन हवे होते.

"मशीन आहेत ना काका. खोडाभोवती सेन्सर लावून आवाजावरून आतला नकाशा काढतात. बारीक सुई आत घालून लाकूड कुठं मऊ पडलंय ते पाहतात. पण ते शेवटी. आधी वाजवायचं."

आणि ती खोड वाजवत फिरू लागली. टक्, टक्, टक्. हे पाहताना मला एकदम शरम वाटली. आपण बाजारात कलिंगड वाजवल्याशिवाय घेत नाही. नारळ कानाशी धरून हलवतो. फणसावर टिचकी मारतो. आणि ज्या दहा-बारा टन लाकडाखालून आपली मुले शाळेच्या बसमध्ये चढतात ते कोणी बोटानेही वाजवून पाहिलेले नाही.

कार्ल्सरूहचे क्लाउस माटेक नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ आहेत, मूळचे भौतिकशास्त्राचे. झाडाची देहबोली वाचायची पद्धत त्यांनी रुजवली, असे तिने सांगितले. झाडाला जिथे ताण पडतो तिथे ते जादा लाकूड घालते. म्हणून खोडावरचा फुगवटा, कंगोरा ही झाडाची तक्रारही असते आणि दुरुस्तीही. ढोली असली म्हणजे झाड गेले असे नव्हे. बाहेरची भक्कम भिंत त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जाड असेल तर पोकळ झाडही पुष्कळ काळ उभे राहते. आणि कललेले झाड तर मुळीच घाबरण्यासारखे नाही, कलून पुन्हा शेंडा सरळ वर गेलेला असेल तर. "जे झाड वर्षानुवर्षं कललंय त्यानं आपला तोल सांभाळायची सोय केलेली असते. काल सरळ होतं आणि आज कललं, मुळाशी माती फुगली, त्याला भ्यायचं."

हे डोंबिवलीकराला समजावून सांगायची गरज नाही. तो सकाळच्या आठ-बाराच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा बाहेर बसून ठाण्यापर्यंत जातो. कलणे वेगळे आणि कोसळणे वेगळे, हे त्याच्या मांडीला माहीत असते.

मग तिने जे केले ते आजवर कोणी केले नव्हते. ती खाली बसली. वर पाहणारे आम्ही सगळे. खाली बघायला पाऊण तास लावणारी ती एकटी. मुळे बहुतेक वरच्या हातभर-दोन हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. आमच्या झाडाच्या बुंध्याजवळपर्यंत पेव्हर ब्लॉक आलेले. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्येच आदेश दिला होता की झाडाभोवती मीटरभर जागा काँक्रीटविना मोकळी ठेवा. आमच्याकडे वीतभर होती. त्यात झेंडावंदनाचा खांब रोवलेला. गेल्या वर्षी कोणीतरी केबलसाठी चर खणला होता, तोही झाडाच्या बाजूनेच, कारण दुसऱ्या बाजूला गाड्या होत्या. फांद्या तारांकडच्या तेवढ्याच छाटलेल्या, म्हणून सगळा भार रस्त्यावर. शेंडा एकदा सरळ उडवला होता. तिथून फुटलेल्या नव्या फांद्या वरवरच्या लाकडालाच धरून होत्या.

"आणि हे काय?" तिने बुंध्याभोवतीच्या वायरी दाखवल्या.

गणपतीच्या रोषणाईच्या. नवरात्रापर्यंत काढायच्या राहिल्या, मग दिवाळी आली, मग नववर्ष. झाडांवरच्या अशा दिव्यांविरुद्ध २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा आम्ही आमच्या वायरींचा रंग बदलून घेतला.

मग तिने तीन प्रश्न लिहून काढले. झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता किती? मोडली तर कोणावर पडेल? पडली तर काय होईल? मधल्या प्रश्नात ज्याच्यावर पडायचे त्याला त्यांच्या भाषेत लक्ष्य म्हणतात. निर्मनुष्य माळावर झाड कितीही पोखरलेले असो, लक्ष्य नाही म्हणून धोका नाही. सेक्रेटरींनी हे लगेच टिपले. "म्हणजे माणसं हलवली तरी चालेल?" तिने आमच्या गुलमोहराखालची लक्ष्ये मोजली. रिक्षा स्टँड, वडापावची गाडी, इस्त्रीवाला, बसची वाट पाहणारी सहा मुले, आणि बुंध्याशी गेल्या वर्षी उगवलेली संगमरवरी टाइल्सची घुमटी, जिच्यामुळे झाडाला अघोषित अभय मिळालेले आहे. घुमटीच्या टाइल्सखाली किती मुळे तुटली हे तिला पाहता आले नाही, कारण तिथे चप्पल काढून उभे राहावे लागते आणि हातोडा नेता येत नाही.

निष्कर्ष असा आला की झाड तोडायची गरज नाही. रस्त्यावरची एक फांदी कमी करा, वरचा भार दोन्ही बाजूंनी सारखा हलका करा, पेव्हर ब्लॉक काढून मातीला श्वास घेऊ द्या, खांब हलवा, वायरी काढा, पावसाळ्यानंतर मी पुन्हा येते. यातले काहीही परवानगीच्या अर्जात बसत नाही. अर्जात दोनच चौकोन आहेत, तोडणे आणि छाटणे. माती मोकळी करणे याला चौकोन नाही.

निघताना ती फाटकापाशी थांबली आणि सहज, सवयीने म्हणावे तसे, तिने इमारतीच्या कोपऱ्यातल्या पिलरवर हातोडा टेकवला.

टक्. टक्. डब्ब.

पुन्हा वाजवला. डब्ब. थोडा गिलावा सुटून पेव्हर ब्लॉकवर पडला. तिने गुलमोहराकडे पाहिले, मग चार मजले वर पाहिले आणि वहीत नवीन पान उघडले.

"काका, तुमच्या अर्जात थोडा बदल करावा लागेल. लक्ष्याच्या जागी झाड लिहा."

सेक्रेटरींनी आधी मागे बघितले, मग तिच्या हातातला हातोडा हलकेच काढून घेतला.

"हळू गं," ते म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आज पार्टी येणार आहे."