डोक्याला देवळाली

इंग्रजीत आपलं काय काय गेलं याची यादी ठेवणारा एक वर्ग मराठीत आहे आणि मी त्या वर्गाचा स्वयंघोषित मॉनिटर आहे. लूट, बंगला, चिठ्ठी हे शब्द साहेबाने नेले यावर आमचं पोट भरत नाही, कारण तिथे हिंदीवाले लगेच वाटेकरी होतात. मुंगूस तेवढं निखळ आपलं. पण त्या मुंगसालाही मागे टाकणारा ऐवज म्हणजे 'डूलॅली'. गोऱ्या शिपायांच्या जुन्या बोलीत एखाद्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणजे त्याचं डोकं फिरलं. डूलॅली म्हणजे नाशिकजवळची देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. मराठी गावाच्या नावाने इंग्रज वेडा ठरतो, याहून गोड सूड कोणता? मात्र माझ्यासारख्या, संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या माणसाच्या पोटात इथे दुखायला लागतं. आमच्याकडे विमानतळ आहे, एमआयडीसी आहे, रेल्वे स्टेशन आहे (पाटीवर 'चिकलठाण' लिहून रेल्वेने शेवटचा काना वाचवला आहे), शिवाय इंग्रजाची जीभ घसरावी म्हणून नावातच चिखल. तरी कोशात गेली ती देवळाली. हा पक्षपात का झाला, याची चौकशी कुणीतरी करायला हवी.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं कारण म्हणजे ऊन. गोरी कातडी, हिंदुस्थानचा उन्हाळा, डोकं तापलं, संपला विषय. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात एक विनोदी मालिका चालवली. तिची सुरुवात देवळालीच्या छावणीत होते आणि तिच्या नावातच आईपाशी उकाड्याची तक्रार आहे. चित्रीकरण इंग्लंडात झालं, तेव्हा घाम बाहेरून लावला असणार. पण उन्हाचा हा सिद्धांत मराठवाड्यात टिकत नाही. देवळाली ही हवा खायला जायची जागा. मुंबईच्या पारश्यांनी तिथे आरोग्यभवनं बांधली, ती वेड लागावं म्हणून नव्हे. उन्हानेच शब्द पिकत असते तर कोशाची पहिली दहा पानं आमची असती. छावणीही आमच्याकडे होती. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या संभाजीनगरच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे देशी शिपाई उन्हाळ्यामागून उन्हाळे काढत राहिले आणि इंग्रजीला त्यातून काही मिळालं नाही.

देवळालीत जास्तीचं होतं ते वाट पाहणं. १८६१ पासून ती छावणी गोऱ्या सैन्याच्या जाण्यायेण्याचा तळ होती. नोकरीची मुदत संपलेला शिपाई तिथे येऊन जहाजाची वाट बघे. सैन्याची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच चालत, त्यामुळे ज्याची मुदत एप्रिलात भरली त्याचा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीलाच जाई. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात काढलेल्या फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 'ओल्ड सोल्जर साहिब' या १९३६ च्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. माणसांकडे हत्यार नसे, अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित लांबची पायपीट, बाकी दिवस मोकळा. एरवी नमुनेदार वागलेले शिपाई तिथे नको ते करून बसत आणि घराऐवजी आधी तुरुंगात जात. कुणी म्हणेल, दारू होती, हिवताप होता, गुप्तरोग होते. होतेच, पण ते हिंदुस्थानातल्या कुठल्या छावणीत नव्हते?

आता ताप. इथे जरा रेंगाळतो, कारण माझा जीव खरा इथे अडकला आहे. कोशकार म्हणतात, हा टॅप हिंदुस्थानीतून, म्हणजे मुळात फारसीतून गेला. गोऱ्या शिपायाला मुनशी हिंदुस्थानी शिकवायचा, मराठी नव्हे, त्यामुळे कायद्याने माझा दावा फेटाळलाच जाईल. पण फारसीतला तप आणि संस्कृतातला ताप भाऊबंदच आहेत आणि भाऊबंदकी कशी चालवायची हे मराठी माणसाला शिकवू नये. तापाचा संसार आमच्याइतका कुणी वाढवलाय? थर्मामीटरने मोजता येतो तो ताप सर्वांत गरीब. दुसऱ्याला द्यायचा तो संताप, आपण सोसायचा तो मनस्ताप, वेळ निघून गेल्यावर येतो तो पश्चात्ताप. आणि डोक्याला होतो तो ताप तर क्रोसीननेही उतरत नाही. त्याला भाडेकरू किंवा सरकारी पोर्टल पुरतं. इतकं वैभव हाताशी असताना इंग्रजांनी पुढे ताप गाळला आणि नुसतं 'डूलॅली' ठेवलं. बरोबरच आहे, त्यांच्याकडे टॅप म्हणजे नळ.

आणि नळ म्हटला की सर्वांत अडचणीचा आक्षेप येतो. वाट पाहण्यानेच वेड लागत असेल, तर जायकवाडी शेजारी असून आठवडा-आठवडा नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या संभाजीनगरने आतापर्यंत जगातल्या सगळ्या भाषांना शब्द पुरवायला हवे होते. उत्तर असं, की नळाची वाट पाहणारा माणूस रिकामा नसतो. तो टँकरवाल्याला फोन करतो, शेजाऱ्याशी मोटारीवरून भांडतो, वाळूजच्या पाळीला जातो. शिवाय तो इथेच राहतो. शिपायांची बोली जग हिंडली, कारण बोलणारे अखेर जहाजात बसले. त्यांनी तो शब्द घरी नेला आणि आज तिकडे विसराळू आजीबद्दलही तो हसत वापरतात.

हसण्याचं मला कौतुक वाटत नाही. तुरुंगात गेलेले ते शिपाई आजारी होते आणि त्यांच्या आजाराचं इंग्रजीने गमतीचं विशेषण केलं. यावर इंग्रजांना धारेवर धरायला मी टपूनच होतो. पण ठाणे आणि येरवडा या दोन गावांना आपण मराठीत त्याच कामाला जुंपलं आहे. सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. 'ह्याला येरवड्याला न्या' असं मित्राला म्हणताना आपण टाळी देतो आणि घरातल्या माणसाला खरंच न्यायची वेळ आली की शेजाऱ्यांना सांगतो, पुण्याला लग्न आहे. मराठवाड्याच्या वाट्याला त्या चारांतलं एकही आलं नाही, त्यामुळे उपचार सोडाच, अपमान करायलासुद्धा आम्हाला पुण्याचं गाव उसनं आणावं लागतं.