आमच्याकडे नाहीत हो!

घाटकोपरमध्ये मराठी माणूस राहतो, गुजराती राहतो, तमिळ राहतो. ढेकूण मात्र कुणाकडेच राहत नाही. वाटल्यास पंतनगरपासून असल्फ्यापर्यंत दारोदार विचारून या. लोक स्वतःची शुगर सांगतील, पोराचे गणितातले मार्क सांगतील, पण ढेकणाचं नाव काढलं की काकू म्हणणार, "छे, आमच्याकडे नाहीत हो! समोरच्यांकडे असतील, त्यांच्याकडे गावाहून सारखं कुणी ना कुणी येतं." समोरच्या बेन म्हणणार, "अमारा घरमां नथी, हों!" मग रात्री दोन वाजता आमच्या विंगमधल्या निम्म्या घरांत दिवे का लागतात? सगळेच काही एमपीएससीला बसलेले नाहीत.

ढेकूण पाच-दहा मिनिटं निवांत रक्त पितो आणि गादीच्या शिवणीत परत जातो. आपल्याला कळतं सकाळी, आणि तेही सगळ्यांना नाही. त्याच्या चाव्याने प्रत्येकाचं अंग सारखं उठत नाही. एकाच पलंगावरच्या नवरा-बायकोपैकी एकाच्या दंडावर ओळीने गांधी, दुसऱ्याच्या अंगावर खूणही नाही. आमच्याकडे गांधी माझ्या वाट्याला आल्या. हिचं निदान ठाम होतं : "उष्णता झालीय तुम्हाला, सब्जा घ्या." सब्जा घेतला. ढेकणांना थंडगार रक्त मिळू लागलं.

खात्री करायची तर अंगाकडे नव्हे, गादीकडे बघावं. शिवणीत त्याच्या विष्ठेचे काळे ठिपके, टाकलेली कात आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी दिसतात. मोठा ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, चपटा, तांबूस. उडता येत नाही, उडी मारता येत नाही. त्याला वाहन म्हणजे आपल्या बॅगा आणि आपलं फर्निचर. बॉक्स बेडचे सांधे, स्क्रूची भोकं, स्विचबोर्डची मागची बाजू ही त्याची आवडती ठिकाणं. आमच्याकडे एक कालनिर्णयच्या मागे सापडला. मुहूर्त बघून बाहेर पडत असावा.

लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या धास्तीनेच, असा तर्क एका संस्कृत सुभाषितकाराने केला आहे. आम्हा वन रूम किचनवाल्यांना यातली एकही सोय नाही. गच्चीवर झोपावं, तर चावी सेक्रेटरींकडे. पण माझ्या मते खरा जाणकार पंचतंत्रवाला. राजाच्या बिछान्यात एक ऊ गुण्यागोविंदाने राहत असते. अग्निमुख नावाचा ढेकूण तिच्याकडे पाहुणा येतो आणि राजाचा डोळा लागायच्या आतच हावरटपणे चावतो. नोकर बिछाना झाडतात. ढेकूण फटीत पसार. सापडते ती ऊ, आणि मारलीही तीच जाते. आमच्या विंगमध्ये दुसरं काय झालं? सगळ्यांनी मिळून तळमजल्यावरच्या बॅचलर मुलांवर खापर फोडलं. बिचारे खोली सोडून गेले. ढेकूण राहिले.

वास्तविक यात लाजण्यासारखं काही नाही. त्याला रक्त लागतं आणि फट लागते. घर श्रीमंताचं की गरिबाचं, लादी पुसलेली की नाही, याची तो चौकशी करत नाही. ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, पॅरिसच्या मेट्रोत आणि सिनेमागृहांत ढेकूण असल्याच्या बातम्यांनी केवढा हलकल्लोळ झाला होता! ते वाचून आमची सबंध विंग मनातल्या मनात सुखावली.

आधीच्या पिढीचा आवाका मोठा होता. लोखंडी कॉट गॅलरीत आपटायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, गादीला ऊन दाखवायचं, वर टिक ट्वेंटी. कुणी रॉकेलही शिंपडत. तो घर पेटवायचा उपाय आहे. उकळत्या पाण्याला मात्र तोड नाही. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी, दोन्ही टिकत नाहीत. म्हणून चादरी, अभ्रे कडकडीत पाण्यातच धुवावेत. औषधांचा असा भरवसा देता येत नाही. डीडीटी आलं तेव्हा ढेकूण संपलाच असं वाटलं होतं. काही वर्षांतच ते पचवणारे ढेकूण निघाले, आणि हल्लीच्या कित्येक फवाऱ्यांनाही ते दाद देत नाहीत. मे महिन्यात घर बंद करून कोकणात गेलं की उपाशी मरतील, ही आशाही सोडा. मोठा ढेकूण कित्येक महिने अन्नावाचून काढतो. घाटकोपरमध्ये उपास करणाऱ्यांची वाण नाही, पण इतका कडक उपास कुणाचाच नसेल.

पेस्ट कंट्रोलवाला सांगतो, "साब, अंडा रह जाता है. पंधरा दिन बाद फिर मारना पडेगा." बरोबर सांगतो. फवाऱ्यातून वाचलेली अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात. आपण नेमके दुसऱ्या फेरीचे पैसे वाचवतो. शिवाय एकाच घरात मारलं, तर पाइपाच्या भोकातून मंडळी शेजारी जातात आणि वातावरण निवळलं की परत येतात. सबंध विंगची फवारणी एकदम व्हायला हवी.

मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं. पार्किंगवरून एकमेकांची गचांडी धरायला निघालेली माणसं एकदम गप्प. सेक्रेटरी म्हणाले, "ज्यांच्याकडे असतील त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही, बरेचसे पाठ खाजवण्यात गुंतले होते. शेवटी ठरावात 'वाळवी प्रतिबंधक फवारणी, दोन फेऱ्या' असं लिहिलं, तेव्हा तो एकमताने मंजूर झाला.

तुमच्या सोसायटीत हाच मजकूर खुशाल वापरा. प्रवासातून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका, जुना सोफा घेताना उलटा करून बघा. आणि गादी फेकायचीच झाली तर आधी ती फाडा आणि तिच्यावर 'ढेकूण आहेत' असं मोठ्या अक्षरांत लिहा. घाटकोपरमध्ये असाल तर मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्ही भाषांत.