महापालिका हद्दीतला परदेश

सध्या जगात एकटं राहण्याला फार बरे दिवस आले आहेत. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी मोबाइल उघडते आणि एखादी बाई इटलीतल्या नाहीतर जपानमधल्या खेड्यात एकटीनं कशी राहते ते बघत बसते. दगडी घर, लाकडी जिना, खिडकीत मांजर. बाई पहाटे उठते, चूल पेटवते, पाव भाजते, अंगण झाडते आणि अख्ख्या व्हिडिओत कुणाशी चकार शब्द बोलत नाही. तिला एकदाही कुणी ‘माझा टॉवेल कुठाय?’ असं विचारत नाही. मला त्या घराचं, पावाचं किंवा मांजराचं एवढं काही नाही. त्या न विचारलेल्या टॉवेलचा मात्र हेवा वाटतो.

‘जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली,’ मी ह्यांना ऐकवलं.

‘मग? एक आपल्याला देणारेत?’ हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. ‘आणि दिलं तरी जायचं भाडं कोण देणार?’

प्रश्न बिनतोड होता. मीरा रोडला हाटकेशमध्ये आमचं घर, त्याचा हप्ता अजून चालू आहे. पण योग बघा, ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नात्यातलं, भाईंदरपलीकडच्या उत्तन गावातलं कौलारू घर बंद होतं. मालक आखातात नोकरीला. घराची दारं-खिडक्या कुणीतरी उघडावीत, झाडलोट करावी, एवढीच अपेक्षा. भाडं नाही, व्हिसा नाही.

‘उत्तन?’ हे म्हणाले. ‘अगं, ते तर आपल्याच महापालिकेत येतं!’

मी इतिहास काढला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला, तेव्हापासून उत्तन हा रीतसर परदेश. इथली माणसं नाताळ करतात, चर्चला जातात, आडनावं लिस्बनची लावतात. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी उत्तनजवळचा, धारावी बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा कुठे तो परदेश संपला. ‘त्या हिशेबानं हाटकेशही परदेशच होतं,’ हे म्हणाले. ‘सगळी साष्टीच त्यांच्याकडे होती. मग घरीच राहा की!’ इतिहासाचा एक तोटा आहे, तो समोरच्यालाही येत असतो. शेवटी मी १९८५ वर आले. त्या वर्षी पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, त्यात उत्तन नव्हतंच. ते मागाहून आलं. म्हणजे निदान माझ्या शाळकरी वयात तरी ते बाहेरगाव होतं. यावर ह्यांना काही सुचलं नाही. मी बॅग भरली.

हाटकेशहून परदेशी जायचं तर आधी उद्योगनगराच्या गाळ्यांतली खडखड आणि डोक्यावरची मेट्रो मागे टाकत शेअर रिक्षानं मीरा रोड स्टेशन गाठायचं. मग लोकलनं एकच स्टेशन, भाईंदर. दारातच उभं राहायचं, कारण आत गेलात तर उतरता येत नाही. पश्चिमेला बस. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी असं करत बस निघाली की वाटेत मिठागरं दिसतात, मग वाड्या, मग ताडाची झाडं आणि खिडकीतून एकदम खारा वारा. बसमध्ये भाईंदरच्या बाजारातून परतणाऱ्या कोळणी होत्या. त्यांच्या टोपल्या रिकाम्या होत्या, पण टोपलीत सकाळी काय होतं हे पुढच्या दारापर्यंत कळत होतं. नाकाला रुमाल लावणारी मी एकटीच. मावळतीच्या उन्हात उत्तनला उतरले तेव्हा मला खरोखरच विमानातून उतरल्यासारखं वाटलं, कान बधिर झाले होते.

घर अगदी व्हिडिओतलं. मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, परसात विहीर. भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली छोटा लाल दिवा. मी कुलपाला किल्ली लावली आणि मागून आवाज आला.

‘एकटीच गो बाय?’

शेजारची मावशी. वय सत्तरीच्या पुढे, कमरेवर हात.

‘हो.’

‘नवरा?’

‘आहे.’

‘पितो?’

‘नाही हो.’

‘मारतो?’

‘छे!’

‘मग आलीस कशाला?’

इटलीतल्या बाईला हे कुणी विचारलेलं मी तरी पाहिलं नाही. मला शांतता हवी आहे, थोडे दिवस स्वतःबरोबर राहायचं आहे, असं मी सांगितलं. मावशीनं ते नीट ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला, ‘सासूशी पटत नसंल.’ दिवे लागायच्या आत हा निष्कर्ष भाटेबंदरापर्यंत पोचला. रात्री तीन घरांतून कालवण आलं, त्यातल्या एका वाटीबरोबर सासूला कसं वठणीवर आणावं याचा सल्लाही आला. माझ्या सासूबाई दहा वर्षांपूर्वी वारल्या, हे सांगायला मला वावच मिळाला नाही.

पहाटे निवांत उठून उगवतीकडे बघत चहा घ्यायचा बेत होता. उत्तनमध्ये सूर्याआधी बोटींची इंजिनं उठतात. इथली बोंबलाची मासेमारी डोल जाळ्यानं होते. पिशवीसारखं लांबलचक जाळं प्रवाहाच्या तोंडाला बांधून ठेवायचं आणि भरती-ओहोटीची ओढच मासळी आत ढकलते. त्यामुळे बोटीची वेळ घड्याळावर ठरत नाही, समुद्रावर ठरते, आणि ती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आज तीनला जाग आली म्हणून उद्याही तीनला येईल या भरवशावर झोपता येत नाही. त्यानंतर कोंबडे, मग चर्चची घंटा, मग सायकलवर भोंगा वाजवत पाववाला. पाव भाजण्याचा माझा बेत त्यानं गरम पावाच्या लादीनं हाणून पाडला.

चुलीचंही तेच झालं. परसात दगडांची जुनी चूल होती. मी काटक्या गोळा करताना मावशीनं कुंपणावरून पाहिलं.

‘आत शेगडी हाय ना? सिलिंडर संपला?’

‘नाही, चुलीवरच्या जेवणाची चव वेगळी लागते.’

‘लागते. धुराची,’ मावशी म्हणाली. ‘आमचे डोळे गेले त्या चवीपायी. ठेव ती लाकडं.’

विहिरीवर मोटर होती, नळाला महापालिकेचं पाणी होतं आणि मावशीच्या ओटीवर माझ्या मोबाइलपेक्षा चांगली रेंज होती. ज्यांना साधं राहायची सवय असते ते लोक संधी मिळताच सोय करून घेतात. साधेपणाची हौस ज्यांच्या घरी लिफ्ट आहे त्यांनाच.

करायला काही नाही म्हटल्यावर मावशीनं मला वलांडीवर नेलं. समुद्राकाठी बांबूंच्या चौकटी, त्यांवर आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील. ताज्या बोंबलात हाड कमी नि पाणी जास्त, हातात घेतला तर निसटतो. पण तोंडात आत वळलेल्या सुयांसारख्या दातांची रांग असते. एका बोंबलाचा जबडा उघडायचा, त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. मावशीचे हात बघता बघता वावभर दोरी भरत होते. माझ्या हाताला दातच जास्त लागत होते. कंटाळून मी एक बोंबील तसाच दोरीवर ठेवला. तो पडला.

‘एकटा बोंबील ऱ्हात नाय दोरीवर,’ मावशी म्हणाली. बोंबलाकडे न बघता, माझ्याकडे बघून.

मौनच पाळायचं तर दक्षिणेला गोराईत विपश्यनेचा पॅगोडा आहे, असं एका शेजाऱ्यानं सुचवलं. २००९ मध्ये खुला झालेला, खांबांशिवाय उभा केलेला प्रचंड दगडी घुमट. त्याच्याखाली आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. म्हणजे एकटं राहायचं तर तेही आठ हजारांत. मी त्याऐवजी चौक गावाजवळच्या त्या धारावी किल्ल्यावर गेले. खाली खाडी, पलीकडे वसई, वारा भणाणत होता. तिथे चिमाजी अप्पांच्या स्मारकाजवळ मला अर्धा तास संपूर्ण एकांत मिळाला. मग शाळेची सहल आली.

रविवारी हे आले. मुलं, नणंद आणि नणंदेच्या शेजारीणबाईही आल्या, ‘तुला करमत नसेल म्हणून.’ मावशीनं रव्यात घोळवून बोंबील तळले, बाटली मसाल्यातलं कालवण केलं. हा मसाला उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि तो वर्षभर पुरतो. आमच्या मंडळींनी तो दुपारीच बराचसा संपवला. हे समुद्रात पाय बुडवून आले आणि परदेशी घराच्या ओटीवर उभे राहून म्हणाले, ‘अगं, टॉवेल कुठाय?’

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की आता तिला मी का आले ते समजलं असावं.

एके संध्याकाळी वारा फिरला आणि घरात वास भरला. मी सवयीनं म्हटलं, ‘आज बोंबील जास्तच वास मारतायत नाही?’

मावशी निवडत असलेली करंदी खाली ठेवून म्हणाली, ‘बोंबलाचा वास असा नसतो. हा तुमचा.’

आमचाच होता. मीरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येऊन पडतो. गावानं त्याविरुद्ध मोर्चे काढले, तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेलं. मी जपान-इटलीची स्वप्नं बघत बसले होते, तोवर माझ्या ओट्यावरची कांद्याची सालं रोज गाडीत बसून उत्तनची वारी करत होती. आता आमच्या मेट्रोची कारशेडही इकडेच, आधी राई-मुर्ध्याला ठरलेली, तिथल्या लोकांनी विरोध केला म्हणून डोंगरीत. मेट्रो आमच्या दारात उभी राहणार आणि झोपायला यांच्या डोंगरावर येणार. परदेश तो हाच. आपल्याला नको असेल ते तिकडे पाठवायचं आणि मग एकांतासाठी आपणही तिकडेच जायचं.

निघायच्या दिवशी मावशीनं विचारलं, ‘तुझं घर कितव्या माळ्यावर?’

‘सातव्या.’

‘दार लावलं की कोण येत नाय?’

‘कुणी नाही. समोरच्या घरात कोण राहतं तेही मला माहीत नाही.’

मावशीचे डोळे चमकले. ‘मी येऊ? आठ दिस? एकटी?’ चार सुना, नातवंडं, दारात अख्खा गाव. आयुष्यात एकदा दार लावून झोपायचं होतं तिला. ‘हाटकेश म्हाईत हाय मला. मासळी विकलीय तिथं, बिल्डिंगी नव्हत्या तेव्हा.’

मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो आणि मावशी आमच्या घरी राहायला आली. येताना पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील घेऊन आली, एक ऊन कमी पडलेले. ते तिनं सोसायटीच्या गच्चीवर, केबलच्या वायरींवर टाकले. जोडीजोडीनं.

दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सत्तेचाळीस संदेश. ‘हे काय चाललंय?’, ‘मुलांना मळमळतंय’, ‘नियम सर्वांना सारखे हवेत’. मी गावाहून फोनवर फोन करत होते, मावशी उचलत नव्हती. संध्याकाळी सेक्रेटरी छापील नोटीस घेऊन स्वतः वर गेले, हे मला मागाहून वॉचमननं सांगितलं. मावशीनं नोटीस हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘तुमचा कचरा आमच्याकडे येतो, त्याची नोटीस कुणाला द्यायची ते पण लिवलंय काय यात?’

सेक्रेटरी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आवाज उतरवून भाव विचारला. नोटीस घेऊन वर गेलेले सेक्रेटरी अर्धा किलो सुके बोंबील घेऊन खाली आले. बोंबील नोटिशीतच बांधले होते, पण एका कागदात वास काही राहीना, म्हणून वॉचमनकडून आणखी दोन मागून घेतल्या.