गट नंबर 401

"भाऊ, बुडाली थे टायटॅनिक नव्हतीच." हे वाक्य सध्या वाशिमच्या टपरीवर प्रत्येक कटिंगसोबत फुकट मिळतं. बुडाली ती म्हणे तिची थोरली बहीण, ऑलिम्पिक. सप्टेंबर 1911 मध्ये एका युद्धनौकेशी टक्कर होऊन ती कामातून गेली. मग मालकांनी गुपचूप पाट्या बदलल्या आणि विम्यासाठी तीच भंगार बोट अटलांटिकमध्ये नेऊन बुडवली. सांगणाऱ्यानं पद्मतीर्थापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, पण कोणत्या बोटीला कुठे किती खिडक्या, हे त्याला तोंडपाठ!

माझं म्हणणं एका आकड्यापुरतं आहे. बेलफास्टच्या गोदीत ऑलिम्पिकचा बांधणी क्रमांक 400, टायटॅनिकचा 401. बुडालेल्या बोटीचे अवशेष 1985 मध्ये सापडले, सुमारे 3,800 मीटर खोल. पुढच्या मोहिमांत पंख्याच्या पात्यावर कोरलेला 401 दिसला.

"पंखा उसना आणला असन."

बरं, पंखा उसना. ऑलिम्पिक 1935 पर्यंत चालली, मग मोडीत निघाली. तिच्या लाकडी फळ्यांच्या मागे 400 निघाला, त्याचं काय?

"फळ्याबी बदलल्या असन."

म्हणजे गोदीतल्या हजारो कामगारांनी पंखा, फळ्या, पाट्या सगळं बदललं आणि एकानंही घरी बायकोला सांगितलं नाही. आणि जी बोट कामातून गेली म्हणता, ती तर दोनेक महिन्यांत पुन्हा प्रवासी नेत होती.

हेही सोडून देऊ. डोकं फिरतं ते विम्यापाशी. बोटीचा खर्च सुमारे 15 लाख पौंड, विमा 10 लाखांचा. स्वतःच्या खिशाला पाच लाखांचं भोक पाडणारा हा कसला लबाड? आणि भल्या माणसा, तू वाशिम जिल्ह्यात राहतोस ना? विमा काय असतो हे तुला मी सांगायचं? 2024 पर्यंत सोयाबीन पाण्याखाली गेलं की 72 तासांत कळवावं लागे. तेव्हा रेंज नसे. रेंज आली तर ॲप उघडत नसे, उघडलं तर फोटो चढत नसे, फोटो चढला तर गट नंबर जुळत नसे, आणि तोही जुळलाच तर आधारवर नावाची वेलांटी पहिली आणि सातबाऱ्यावर दुसरी. शेत जागेवर, पाणी जागेवर, शेतकरी बांधावर गुडघाभर चिखलात उभा, तरी हे शेत म्हणजे ते शेत नव्हेच! आणि एवढं करून खात्यात जे पडे, त्यात बँकेपर्यंतचं एसटीचं तिकीटही निघत नसे. इथं खरं शेत खरं ठरता ठरलं नाही, आणि तुम्ही चहा संपायच्या आत खोट्या बोटीचा क्लेम मंजूर करून मोकळे?

बुडाली ती टायटॅनिकच, सुमारे 1,500 माणसांसह. कट शोधायची एवढीच हौस असेल तर आधी पीक विम्याच्या अटी वाचा, मग टपरीवर या.