जाणाऱ्या पाण्याची पाळी

बोअरला पाणी लागलं की नारळ फुटतो. पाणाड्याला टॉवेल-टोपी मिळते, भाऊबंदांत पेढे वाटले जातात आणि पुढे कित्येक दिवस "किती इंच लागलं?" यापलीकडे गावात विषय सरकत नाही. घरातलं पाणी बाहेर नीट निघून गेलं म्हणून मात्र कोणी नारळ फोडल्याचं मी खानदेशात तरी पाहिलेलं नाही. येणाऱ्या पाण्याचं औक्षण होतं. जाणाऱ्याला आपण फार तर मोरीचं भोक दाखवतो.

जळगावकराला तर हे शोभतच नाही, कारण आमचं गाव पाइपांचं. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये इथे रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली, १९८० मध्ये पीव्हीसी पाइप काढायला घेतले, मग ठिबक आलं, आणि आज गिरणेचा पूल ओलांडून बांभोरीला गेलं की पाइपांचे ढीग बघत बसावं. रावेर-यावलकडचा शेतकरी केळीच्या एकेका खोडाला थेंब मोजून पाणी देतो. तोच शेतकरी मुलाच्या शिक्षणासाठी जळगावात फ्लॅट घेतो आणि वॉशिंग मशीनची नळी सज्जातून खाली सोडून देतो. थेंब मोजायचा तो शेतात.

तसा दोष एकट्या त्याचा नाही. आमची इमारत झाली तेव्हा बिल्डरच्या हिशेबी स्वयंपाकघर म्हणजे ओटा आणि सिंक, धुणं म्हणजे मोरी आणि धोपटणं. मग एकेक यंत्र घरात शिरलं. बोअरचं पाणी जड, म्हणून आरओ आला. धुणेवाल्या मावशी सुनेकडे पुण्याला गेल्या, म्हणून वॉशिंग मशीन आलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून आधी कूलर आणि मग एसी आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये देशभर लोकांना भांडी घासण्याचा जो साक्षात्कार झाला, त्यात आमच्याकडे डिशवॉशरही आला. दुकानात यंत्राचं तोंड दाखवतात. काचेचं दार, निळे दिवे, बटण दाबलं की वाजणारी धून. प्रत्येकाला मागे एक शेपूट आहे, हे ते घरी आल्यावर कळतं. आरओची शेपटी उंदराएवढी, पण वळवळणारी दिवसभर. एक लिटर गोड पाण्यामागे तो दोन-तीन लिटर खारं पाणी सोडतो. मशीनचं शेपूट जाडजूड. आणि एसीचं शेपूट सगळ्यांत लहरी. मे महिन्यात, आपण त्याच्यापुढे लोटांगण घालत असताना, ते जवळजवळ कोरडं, कारण जळगावच्या त्या हवेत पिळून काढायला ओलावाच नसतो. आणि श्रावणात, एसी उगीच लावलेला असताना, टपटप चालू.

एवढी शेपटं आणि भिंतीत पाइप एकच, सिंकखालचा दीड इंची. तेव्हा सगळ्यांची त्यात एकत्र सोय लावायची, असं ठरलं. यासाठी एक जोड मिळतो. मधल्या पाइपवर बसतो, वरून सिंकचं पाणी घेतो आणि बाजूला त्याला मशीनसाठी आणखी तोंड असतं. दाणाबाजारापलीकडच्या दुकानात मला त्याचं नाव सांगता येईना. दुकानदारालाही येत नव्हतं. "ते मशीनवालं, जादा तोंडाचं," म्हटल्यावर त्याने डबा उलटा केला. पाइपांच्या राजधानीत एल्बो आहे, बेंड आहे, रिड्यूसर, सॉकेट, एंड कॅप आहे, आणि सगळ्यांत गरजेचा जोड मात्र निनावी.

त्यातही दोन जाती. एक 'टी' आणि एक 'वाय'. टीमध्ये बाजूचं पाणी काटकोनात येऊन समोरच्या भिंतीवर आपटतं आणि मग वर जायचं की खाली, याचा विचार करतं. वायमध्ये ते पंचेचाळीस अंशांत, उतारानेच मिसळतं, त्याला विचार करायला वेळ मिळत नाही. भावात फरक फार तर चहा-भजींचा. मी वाय म्हणालो. प्लंबरभाऊ अमळनेरकडचा, हाताला वेगवान आणि स्वभावाने निर्धास्त. पिशवीत त्याच्याकडे टी होता.

"आबा, त्याले काय व्हस? पानी ते पानीच शे. कथा बी जाई."

खानदेशातली निम्मी बांधकामं या एका वाक्यावर उभी आहेत. सोल्युशन लावलं, टी बसला, पैसे घेऊन भाऊ गेला. आणि पाणी खरोखरच कथा बी, म्हणजे कुठेही, जाऊ लागलं.

मशीनचा पंप सुटला की सिंकमध्ये आधी गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा, मग मधल्या जाळीतून फेसाचा एक पांढरा गोळा हळूच डोकं वर काढायचा. त्याच वेळी सिंकमध्ये निवडलेली मेथी असायची. आमच्याकडे त्या काळात मेथीच्या भाजीला समुद्राच्या ताज्या झुळुकेचा वास असे. पाकिटावर तसंच लिहिलेलं होतं. डिशवॉशर पाणी सोडी तेव्हा शेवभाजीची लाल तर्री आरओच्या नळीकडे चढू पाहायची. यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली होती, आणि भाषा चांगली नव्हती.

त्यातच मशीनने नवं आरंभलं. पाणी भरतंय, भरतंय, दुपार झाली तरी भरतंयच. वरून येणारं सगळं खालून निघून जात होतं. भाऊने नळी जमिनीलगत जोडली होती, आणि ती आधी दोन-तीन फूट वर चढवून मगच पाइपात सोडायची असते, नाहीतर नळीच टबातलं पाणी ओढून घेते. हे निदान केलं आमच्या धुळ्याच्या व्याह्यांनी. ते लेकीला भेटायला आले होते आणि चहा यायच्या आत सिंकखाली शिरले होते.

व्याही पाटबंधाऱ्यातले निवृत्त ओव्हरसिअर. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट धुळ्यात आधी झाली. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एक जिल्हा होता आणि त्याचं मुख्यालय धुळं, ही जखम आम्ही त्यांना दिली असावी अशा सुरात ते सांगतात.

"सायफन!" सिंकखालून आवाज आला. "याहीबुवा, सायफन आमच्याकडून शिका. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला पहिलं कोणतं काम केलं, सांगा?"

मी म्हैसूरच्या धरणाचं नाव घेतलं. त्यांना तेच हवं होतं.

"ते फार पुढचं. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लागले, आणि आले कुठे? खानदेशात. पांझरेच्या पाण्यासाठी पाइपचा सायफन बांधला. वय तेविशी-चोविशीचं. पावसाळा तोंडावर, नदी ऐकेना. पोराने वरच्या साहेबाला लिहिलं, काम पावसानंतर करू. साहेबाला ते रुचलं नाही. मग पोराने हिय्या केला आणि काम पुरं करून दाखवलं."

"म्हणजे आमच्या मशीनमध्येही तेच झालंय?" सुनेने विचारलं.

"छे! तो उलटा सायफन. पाणी एका बाजूने खाली उतरतं, दुसऱ्या बाजूने जवळजवळ तेवढंच वर येतं. तुमचा सुलटा. सुलट्याला अक्कल लागत नाही, तो आपोआप होतो."

नळी त्यांनी खिळ्याला टांगून वर चढवली आणि मशीन भरायचं एकदाचं थांबलं. हे श्रेय मी त्यांना मोकळ्या मनाने देतो, कारण त्याच दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू वर आल्या आणि त्यांनी आमच्या आनंदावर फेस ओतला.

काकूंच्या न्हाणीतल्या ट्रॅपमधून फेस वर येत होता. ट्रॅप ही खरं तर भली वस्तू. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. वाकणात थोडं पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही. दोन-चार बोटं पाण्याचा तो पडदा. आमच्याकडे मे महिन्यात लोक गावाला गेले की तो पडदा उन्हाने आटतो, आणि परत आल्यावर घर कोणाच्या ताब्यात गेलंय हे दार उघडताच समजतं. जाण्याआधी न्हाणीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल सोडलं तर तो बरेच दिवस टिकतो. पण हा पडदा वास अडवतो. सगळ्या मजल्यांच्या मशीनांचा फेस अडवायला तो केलेलाच नाही.

काकू तक्रार करायला आल्या नव्हत्या, आरोपपत्र घेऊन आल्या होत्या. "सकाळी दहाला लव्हेंडर. तो तिसरा मजला. साडेदहाला लिंबू, ते दुसऱ्यावरचे. आणि अकराला समुद्राची झुळूक. ती तुमची." बोटांचे ठसे बघणाऱ्या खात्यात काकू असत्या तर जिल्ह्यात चोरी झाली नसती.

आता सगळ्यांची मशीनं एकाच सकाळी का लागतात? कारण नळ रोज येत नाही. वाघूरचं पाणी पाळीने सुटतं, आणि ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी, टाक्या भरलेल्या असल्या तरी, सगळी इमारत धुवायला बसते. पाणी आलंय आणि आपण धूत नाही, हे खानदेशी माणसाला पापासारखं वाटतं. पाइप किती जाड ठेवायचा, हे ठरवण्याची एक पद्धत रॉय हंटर नावाच्या अमेरिकन माणसाने १९४० मध्ये मांडली. इमारतीत नळ आणि मोऱ्या पुष्कळ असल्या तरी सगळ्या एकाच क्षणी चालू नसतात, तेव्हा शक्यतेचा हिशेब करून बेताचा पाइप घाला, असं तिचं सार. हंटरसाहेबांचं गणित चोख होतं. त्यांच्याकडे फक्त नळाचा दिवस नव्हता.

सोसायटीची सभा गच्चीवर भरली. पाइप बदलायचा तर वर्गणी काढावी लागेल, हे ऐकताच सभेचा कल निसर्गोपचाराकडे झुकला. कोणी सोडा टाका म्हणालं, कोणी गरम पाणी. पाहुणे म्हणून बसलेल्या व्याह्यांनी तेव्हा उभं राहून फड सांगितला.

पांझरेवर, तिकडे मोसम आणि आरमवर, तीन-चारशे वर्षांपासून बंधारे आहेत. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंगा, आणि उरलेलं पाणी नदीला परत न्यायला सांडम. शेतं फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी देतो पाटकरी. शेतकऱ्याने आपल्या हाताने वाफा फोडायचा नाही.

"सांडम!" व्याही म्हणाले. "निरक्षर माणसांनी आधी सांडम आखला. तुमच्याकडे चार-चार इंजिनिअर राहतात, सांडम कुठाय?"

चारही इंजिनिअर मोबाइलकडे पाहू लागले. त्यांतले तीन संगणकाचे होते.

तेव्हा ठरलं ते असं. टी काढून सगळ्यांनी वाय बसवायची, हे बिनविरोध, कारण खर्च ज्याचा त्याचा. मशीनला पाळी लावायची, मजल्यागणिक. पाटकरी म्हणून वॉचमनची नेमणूक झाली आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसापासून जी सत्ता आली ती अजून उतरलेली नाही. पूर्वी लोक त्याला हाक मारत. आता खिडकीतून विचारतात, "भाऊ, लावू का?" आणि तो थोडा वेळ काहीच बोलत नाही.

व्याह्यांच्या उत्साहाला तेवढं पुरेना. फड म्हणजे एकच पीक, तेव्हा इमारतीत साबणही एकच हवा, कमी फेसाचा आणि बिनवासाचा, असा ठराव त्यांनी मांडला. काकू ताडकन उठल्या. "वास काढला तर मला कळायचं कसं कोणी पाळी मोडली ते?" ठराव बारगळला. तिसऱ्या मजल्याने मात्र दुसऱ्याच दिवशी गुपचूप लिंबू आणलं, आणि त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या निरपराध माणसांना काकूंनी बरंच काही ऐकवलं.

वाय बसवायला तोच भाऊ आला. टी कापून काढला, वाय लावली, मशीन सोडून पाहिलं. सिंक शांत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आबा, टी बी चालतंच व्हतं."

दिवाळीनंतर मी धुळ्याला गेलो. देवपुरातलं व्याह्यांचं घर नीटनेटकं, भिंतीवर विश्वेश्वरय्यांची तसबीर. मागच्या अंगणात त्यांच्या मशीनची नळी खिडकीतून बाहेर येऊन थेट पपईच्या बुंध्याशी पडलेली होती. ना टी, ना वाय, ना ट्रॅप.

"हा सांडम," ते म्हणाले, पण जरा घाईने. "आणि खरं सांगू का, धुळ्यात नळ इतक्या दिवसांनी येतो की जायला कसलीही वाट पुरते."

मी सायफनबद्दल विचारणार, एवढ्यात आतून विहीणबाईंची हाक आली, "अहो, नळ आला!" आणि गल्लीतल्या एकूण एक घरातून मोटारींची घरघर एकदम सुरू झाली. व्याही धावले. कोपऱ्यातली मोटर ओढत, धोतराचा सोगा खोचत, गुंडाळलेला पाइप खांद्यावर टाकत.

"आणि पाळी?" मी मागून विचारलं. "पाटकरी?"

"ते जाणाऱ्या पाण्याला! येणाऱ्याला कसली पाळी? उभे काय राहिलात याहीबुवा, हे टोक धरा."