चालतंय ना, मग?

पुण्यात नव्या फोनला गिऱ्हाईक भरपूर. पण त्या फोनची उलटतपासणी घेणारे काका सोसायटीत एखादेच. वय पासष्टच्या पुढे, पेन्शन वेळेवर आणि खिशात सहा वर्षांपूर्वीचा फोन. कंपनी दर सप्टेंबरात "आजवरचा सर्वोत्तम" फोन काढते, तेव्हा काकांचा एकच सवाल असतो: "मग गेल्या वर्षी सर्वोत्तम म्हणून विकलात, तो कोणता?"

4 सप्टेंबर 2025 ला कोरेगाव पार्कात अ‍ॅपलचं दुकान उघडलं आणि पाचच दिवसांनी कंपनीने आयफोन 17 जाहीर केला. दुकान थाटल्या थाटल्या आतला माल जुना ठरवायचा, हे धाडस लक्ष्मी रोडवर एकालाही जमलं नसतं, असं काकांचं मत.

तरी ते गेले. बघायला पैसे पडत नाहीत आणि आत एसी असतो. विक्रेत्या मुलाने उत्साहाने कॅमेरा दाखवला. काकांनी शांतपणे विचारलं, "चार्जर?"

"सर, केबल येते."

2020 मध्ये आयफोन 12 पासून खोक्यातला चार्जर गेला, कारण पर्यावरण. "पर्यावरण वाचलं, उत्तम झालं," काका म्हणाले. "चार्जरचे पैसे वाचले, ते कुणाकडे आहेत?"

त्यांचा संशय अगदीच हवेतला नाही. बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो, ही गोष्ट अ‍ॅपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हा खुलासा. ऑक्टोबर 2018 मध्ये इटलीने अशाच अपडेटवरून अ‍ॅपलला 1 कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोंचा दंड केला. काकांना नातवंडांचे वाढदिवस विचारावे लागतात. हे आकडे पाठ आहेत.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार काढून घेतला. काकांच्या संगणकात विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा-चिप नाही. "निवृत्त मलाही केलं होतं," ते म्हणतात, "म्हणून मी बंद पडलो का?"

या स्वभावाचं मूळ आकुर्डीत आहे. तिथल्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली ही पिढी. तेव्हा गिऱ्हाईक कंपनीच्या मागे धावे. त्यामुळे जी वस्तू आपणहून मागे लागते, तिच्यात काहीतरी खोट असणार, हा काकांचा सिद्धांत. चेतक 2020 मध्ये विजेवर परतली तेव्हा ते हळवे झाले होते. पुढे कळलं, की काही मॉडेलांत रिव्हर्ससारख्या सोयींसाठी 'टेकपॅक' वेगळा विकत घ्यावा लागतो. "म्हणजे गाडी मागे घ्यायचे निराळे पैसे?" हळवेपणा तिथेच संपला.

एक्स्चेंज ऑफर तर ते व्यक्तिगत अपमान मानतात. जपून वापरलेल्या फोनची किंमत कुणी हजार-दीड हजार सांगितली, की काका तो पुसून खिशात घालतात आणि दुकानदाराला दोन वाक्यांत त्याची जागा दाखवतात.

यंदा दिवाळीत मात्र काकूंनी परस्पर नवा फोन घेतला. नो कॉस्ट ईएमआयवर. काकांनी दोन दिवस व्याजाचं गणित मांडून निषेध नोंदवला. तिसऱ्या दिवशी काकूंचा जुना फोन स्वतःकडे घेतला. तो त्यांच्या फोनपेक्षा तीन वर्षांनी नवा आहे, कॅमेरा झकास आहे. सोसायटीत कुणी विचारलं, तर काका याला अपग्रेड म्हणत नाहीत.

"घरातल्या घरात वापरतोय," ते सांगतात. "आणि हो, चार्जरसकट."