ती. मामांस, राक्षसांविषयी

निशी-कासाई, तोक्यो
धनत्रयोदशी, १० नोव्हेंबर २०२३

ती. मामांस,


नोकरीधंद्याची मोठी माणसं ऐन दिवाळीत माणसं खाणाऱ्या राक्षसांचं कार्टून कसलं बघतात, हा तुमचा सवाल पोचला. राक्षसांपुरता आमचा बचाव सोपा आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि वर गाडीवान फस्त करणाऱ्या बकासुराची गोष्ट आपल्याकडे पोरांना घास भरवताना सांगतात, आणि त्याने कुणाचं जेवण बिघडल्याचं ऐकिवात नाही. ‘कार्टून’ या आरोपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून हे पत्र लांबणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की ‘अटॅक ऑन टायटन’चा शेवटचा हंगाम हा त्या मालिकेचा सर्वांत चांगला हंगाम आहे, आणि ज्या कारणाने पुष्कळ चाहते त्याच्यावर चिडले, त्याच कारणाने तो चांगला आहे. वाद घालायचा म्हणजे शेवट सांगावा लागेल. पण तुम्ही कादंबरीचंही शेवटचं पान आधी वाचता, तेव्हा तुमचं त्यात नुकसान नाही.

आधी पूर्वपीठिका. हाजिमे इसायामा यांची ही चित्रकथा २००९ ते २०२१ अशी चालली आणि ३४ खंडांत संपली. तिच्यावरची ॲनिमे मालिका २०१३ साली सुरू झाली. पन्नास मीटर उंच भिंतींच्या आत माणसं शंभर वर्षं सुखाने राहतात. एके दिवशी साठ मीटरचा टायटन, म्हणजे राक्षस, भिंतीवरून डोकावतो, वेशीला भगदाड पाडतो, आणि दहा वर्षांच्या एरेनच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला दुसरा टायटन खातो. एरेन शपथ घेतो, की यांच्यातला एकही जिवंत सोडणार नाही. इथवर सगळं सरळ आहे. ‘शेवटचा हंगाम’ डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला. त्याचा दुसरा टप्पा २०२२ मध्ये आला, मग यंदा मार्चमध्ये तासाभराचा विशेष भाग आला आणि गेल्या शनिवारी रात्री एनएचकेवर जवळजवळ दीड तासाचा खराखुरा शेवट झाला. “निघतो आता” म्हणून उठलेला मराठी पाहुणा चप्पल घालून दारात तासभर बोलतो, तसा हा निरोप तीन वर्षं चालला. चिडण्याचं हे कारण मला मान्य आहे, पण लोक खरे चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर.

या हंगामाच्या पहिल्या भागात आपला नायक दिसतच नाही. कथा समुद्रापलीकडे, शत्रूच्या मार्ले देशात सुरू होते, आणि ओळखीचे चेहरे दिसतात ते जुन्या वैऱ्यांचे. तिथे एरेनच्याच वंशाचे एल्डियन लोक दंडाला पट्टी बांधून कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहतात, आणि त्यांच्या मुलांना शिकवलं जातं की एरेनच्या बेटावर राहतात ते सैतान. त्यांतल्या बारा वर्षांच्या गाबीने पुढे एरेनच्या सोबत्यांपैकी आपल्या लाडक्या, बटाटेखाऊ साशाला गोळी घातली आणि चाहत्यांनी तिला उभे-आडवे शिव्याशाप दिले. आता हिशेब मांडून पाहा. गाबीच्या वस्तीवर हल्ला झाला, तिची माणसं डोळ्यांदेखत मेली, तिने सूड घेतला. दहा वर्षांच्या एरेनचं याहून वेगळं काय झालं होतं? त्याला आपण वीर म्हटलं, हिला कार्टी. फरक एवढाच, की त्याची ओळख आपल्याला सात वर्षं आधी झाली होती. ‘मृत्युंजय’नेही आपल्याला उठवून पलीकडे नेलं होतं, पण तिथे टेकायला कर्णासारखा नायक तयार होता. इथे तीही सोय नाही. पलीकडे सापडतो तो राइनर. भिंत फोडल्याच्या अपराधाने तो आतून मोडला आहे, त्याची कीव येते, पण त्याला हार काही घालवत नाही.

“पण एरेनला खलनायक करून लेखकाने दगा दिला,” ही सगळ्यात मोठी तक्रार. तिचं उत्तर सुरुवातीच्याच शपथेत आहे. एकही जिवंत सोडणार नाही, हे वाक्य २०१३ साली आपण टाळ्यांनी उचलून धरलं. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी, २०१९ मध्ये, एरेन समुद्राकाठी उभा राहून विचारतो, की पलीकडचे सगळे शत्रू मारले तर आपण स्वतंत्र होऊ का. त्यानंतर तो भिंतींत दडलेले टायटन बाहेर काढतो आणि जगावरून चालवत नेतो. माणसांपैकी ८० टक्के चिरडली जातात. म्हणजे त्याची शपथ बदलली नाही, तिच्यात मोजल्या जाणाऱ्यांची संख्या तेवढी वाढली. दगा झालाच असेल तर तो शपथ पुरती न ऐकता टाळ्या वाजवणाऱ्यांनी स्वतःशी केला.

तुम्ही वकिली बाण्याने विचाराल, की सगळ्यांचीच बाजू समजून घ्यायची तर मग दोषी कोण? आक्षेप रास्त आहे, आणि मूळ चित्रकथेच्या शेवटाला तो लागूही पडत होता. तिथे एरेनचा मित्र आर्मिन या संहाराबद्दल जवळजवळ त्याचे आभार मानतो, आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. ॲनिमेसाठी इसायामा यांनी तो संवाद नव्याने लिहिला. आता आर्मिन आभार मानत नाही, पापातला आपला वाटा उचलतो आणि नरकात आपण दोघं बरोबर असू असं सुचवतो. शिवाय एरेनला थांबवायला जातात ते त्याचेच सोबती, राइनर आणि गाबीला बरोबर घेऊन, आणि त्याचा शेवट मिकासाच्या हातून होतो. तिच्याइतकं त्याच्यावर कुणाचंच प्रेम नव्हतं. समजून घेणं आणि सोडून देणं या निराळ्या गोष्टी आहेत. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या आगीचा जाब कृष्णार्जुनांना विचारला, म्हणून कौरव काही निर्दोष सुटले नाहीत.

कारागिरीवरचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करते. पहिले तीन हंगाम विट स्टुडिओने केले, शेवटचा मापा या स्टुडिओने, आणि संगणकावर घडवलेले काही टायटन लाकडी वाटतात हे खरं. पण भिंतीतले हजारो टायटन एका तालात, डोळ्यांत कसलाही भाव नसलेले असे चालत येतात, तेव्हा ते यंत्रवतपणच भीती घालतं. हाताने रेखाटलेल्या प्रत्येक राक्षसाला स्वतंत्र हावभाव दिले असते, तर त्यांच्याशीही ओळख झाली असती, आणि या मालिकेत ओळख झाली की पंचाईत होते हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

राहिला शेवटचा आक्षेप. श्रेयनामावलीत दाखवतात, की पुढे कित्येक पिढ्यांनी एरेनच्या बेटावर मोठं शहर उभं राहतं आणि तेही बाँबखाली जातं. मग हा सगळा खटाटोप कशासाठी? मला वाटतं, मित्रांनी मिळवलेली शांतता खोटी होती असं मालिका म्हणत नाही. ती वारसाहक्काने मिळत नाही, इतकंच म्हणते. प्रत्येक पिढीला ती नव्याने कमवावी लागते. आणि हे जपान्यांनी आपल्याला शिकवावं असं नाही. परवा पहाटे तुम्ही अंगणात नरकासुर म्हणून कारीट फोडाल, गोव्यात त्याचे भलेमोठे पुतळे जाळतील, आणि दिवाळीपुरती गोष्ट तिथेच संपेल. महाभारतात ती संपत नाही. नरकासुराचा मुलगा भगदत्त हत्तीवर बसून कौरवांच्या बाजूने कुरुक्षेत्रावर येतो, बापाकडून आलेलं वैष्णवास्त्र अर्जुनावर सोडतो, आणि ते कृष्णाला स्वतःच्या छातीवर झेलावं लागतं. राक्षसालाही घर असतं आणि घरात मूल असतं, हे व्यासांना ठाऊक होतं. शेवटच्या हंगामाने याहून वेगळं काही सांगितलेलं नाही. तेव्हा आमच्या कार्टूनवर बंदी घालायची असेल तर द्रोणपर्वालाही त्याच यादीत टाका. कारीट मात्र खुशाल फोडा, भगदत्ताचं आम्ही बघून घेऊ.

मामींना सा. न., धाकट्यांना आशीर्वाद. उलट टपाली खंडन यावं, सोबत चकल्या असल्यास निम्मे मुद्दे आधीच मान्य.

कळावे, लोभ असावा,
तुमची भाची